शाळेचं तंत्रज्ञान धोरण: सामान दारात यायच्या आधी लिहायचा कागद

आमच्या शाळेच्या पहिल्या मजल्यावर एक खोली आहे. दारावर ‘डिजिटल वर्ग’ अशी पाटी, दाराला कुलूप आणि किल्ली कार्यालयातल्या खिळ्याला. आत भिंतीवर मोठं टच पॅनल, धूळ बसू नये म्हणून फुलाफुलांच्या टेबलक्लॉथनं झाकलेलं. माजी विद्यार्थ्यांनी ते हौसेनं दिलं, नारळ फुटला, फोटो निघाले. सोबतचे पाठ एका डाँगलवर, म्हणजे यंत्राला जोडायच्या पेनड्राइव्हसारख्या किल्लीवर, होते. तीन वर्षांनी परवाना संपला आणि पॅनल ठणठणीत असूनही पाठ उघडेनासे झाले. नूतनीकरणाचा आकडा ऐकून आमच्या मुख्याध्यापिका बाई एवढंच म्हणाल्या, “खडूला परवाना लागत नाही हो.”

पुढच्याच वर्षी दुसरी एक बॅच वीस टॅब द्यायला तयार. बाईंना ते नको होते. पण नको म्हणायचं कसं? देणगी नाकारली तर आगाऊपणा, घेतली तर आणखी एका खोलीला कुलूप. धोरण कशासाठी लिहायचं, ते मला तेव्हा कळलं. ‘नाही’ म्हणायची ती लेखी सोय असते: विक्रेत्याला, देणगीदाराला, अतिउत्साही पालकाला, आणि कधी कधी आपल्या स्वतःच्या हौसेलाही.

मी पुण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत पर्यवेक्षक आहे. आम्ही शेवटी दोन पानांचं धोरण केलं. ते कसं केलं आणि कुठे आपटलो, ते क्रमानं सांगतो. तुमची शाळा लहान असो वा मोठी, क्रम साधारण हाच राहील.

वरचे कागद वाचा, पण त्यात अडकू नका

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधलं २३वं प्रकरण तंत्रज्ञानाच्या वापरावर आहे आणि २४वं ऑनलाइन शिक्षण सर्वांपर्यंत समान कसं पोहोचेल यावर. दोन्ही मिळून एका संध्याकाळी वाचून होतात. त्याआधीचं, शालेय शिक्षणातल्या माहिती तंत्रज्ञानाचं २०१२ चं राष्ट्रीय धोरणही चाळा. दिशा कळते. मात्र आम्ही पुणेकर या बाबतीत फार सुखी आहोत: शिक्षण आयुक्तालय गावात, कुमठेकर रस्त्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, सेनापती बापट रस्त्यावर बालभारती, शिवाजीनगरला बोर्ड. राज्याचं अख्खं शिक्षण एका रिक्षाच्या अंतरात. तरीही तुमच्या डिजिटल वर्गाची किल्ली कुणाकडे असावी, हे यातलं एकही कार्यालय ठरवून देणार नाही.

वेळ आणि माणसं

काम दिवाळीच्या सुट्टीनंतर काढा. जूनमध्ये प्रवेश आणि पुस्तकवाटप, मग गणपती, मग सहामाही. फेब्रुवारीपासून दहावीची धांदल. नोव्हेंबर ते जानेवारी एवढीच काय ती मोकळी जागा. जानेवारीअखेर ठराव झाला तर एप्रिलच्या अंदाजपत्रकात त्याला पैसे दाखवता येतात.

समिती सात-आठ जणांची पुरे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार शासकीय व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असतेच, आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. त्यातूनच दोन-तीन जण घ्या. विनाअनुदानित शाळांना हे कलम लागू नाही. त्यांनी पालक-शिक्षक संघातून घ्यावेत. शिक्षकांपैकी एक तरी असा हवा ज्याला संगणकाचा मनापासून कंटाळा आहे. तो बैठकीत जे प्रश्न विचारतो, ते उरलेले स्टाफरूममध्ये दबक्या आवाजात विचारतात. लिपिक हवेत, कारण माहिती भरण्याचं ओझं त्यांच्यावर. आणि शिपाई मामा हवेतच.

मामांना बोलावल्यावर काही भुवया उंचावल्या. पहिल्याच बैठकीत मामा म्हणाले, “पाण्याचा पंप आणि वरचा बोर्ड एकाच लाइनीवर आहे. मी अकराला पंप लावतो, की बाईंचा बोर्ड बंद.” दोन वर्षं आम्ही कंपनीच्या माणसाला ‘पॅनल मधेच बंद पडतं’ म्हणून बोलावत होतो. एका वायरमनच्या अर्ध्या दिवसाचं काम होतं ते.

आता मोजा, पण वेगळ्या प्रकारे

डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही, उघडलं तर आमच्याकडे २२ संगणक. त्यातले चालू १३. पण हाही आकडा फसवा. खरा प्रश्न असा विचारायचा: गेल्या सोमवार ते शनिवार कोणत्या तासिकेला, कोणत्या तुकडीनं, कशासाठी वापरले? उत्तर आलं चार तासिका. त्यातल्या दोन ‘पाऊस होता म्हणून मैदान नाही’ या कारणानं. हा आकडा कागदाच्या अगदी वर लिहा. पुढची सगळी खरेदी त्याच्याशी ताडून बघायची.

मोजताना भिंतीतले सॉकेट, अर्थिंग, खिडकीतून पडद्यावर येणारं ऊन, पावसाळ्यात गळणारा कोपरा हेही टिपा. वीज कधी जाते तेही. आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुतेक गुरुवारी. म्हणून संगणकाचे तास त्या दिवशी ठेवायचेच नाहीत, हे वेळापत्रकातच बसवलं.

इंटरनेटचा हिशोब चौथीतल्या गुणाकारासारखा आहे. साध्या दर्जाच्या व्हिडिओला सेकंदाला सुमारे १ मेगाबिट लागतो. ४० मुलं एकाच वेळी बघणार तर ४०, आणि वर थोडी मोकळीक. ‘शंभरचं कनेक्शन आहे’ असं म्हणताना ते कार्यालयातल्या राउटरजवळ आहे की दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या वर्गात, हे मोबाइलवर तपासून लिहा. आमच्याकडे कोपऱ्यात पोहोचत होतं जेमतेम सहा. मग ठरलं की व्हिडिओ आदल्या दिवशी उतरवून घ्यायचा. फुकटातला उपाय.

आणखी एक गोष्ट बऱ्याच शाळांच्या ध्यानात आलेली नसते. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. जुनी यंत्रं चालत राहतात, पण सुरक्षिततेचे नवे अपडेट येत नाहीत, आणि बहुतेक शालेय प्रयोगशाळांतली यंत्रं विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. ती भंगारात काढायची घाई करू नका. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षं विंडोजऐवजी लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालतात. आम्हीही सहा यंत्रांवर लिनक्स चढवलं. मुलांना दोन दिवसांत सवय झाली, शिक्षकांना दोन महिन्यांत.

पालकांची पाहणी कागदावर करा, पालकसभेत, तिथल्या तिथे. ‘घरी स्मार्टफोन आहे का?’ हा प्रश्न आता निरुपयोगी आहे. बहुतेक ‘आहे’च येतं. ग्रामीण भारताबद्दलच्या ‘असर’ २०२४ पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरलेले ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेले ७६ टक्के. म्हणून विचारायचं ते असं: फोन कुणाचा? घरी किती वाजता येतो? त्यावर किती भावंडं? रिचार्ज महिन्याच्या शेवटी संपतो का? आमच्या एका तुकडीत अकरा घरांतला एकमेव फोन रिक्षावर किंवा डिलिव्हरीला जात होता आणि रात्री नऊनंतर घरी येत होता. गृहपाठाचे व्हिडिओ सायंकाळी पाच वाजता पाठवणाऱ्या आम्हाला हे वर्षभर माहीत नव्हतं.

कशासाठी हवंय, ते यंत्राचं नाव न घेता लिहा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक ठिकाणी हीच गाळली जाते. प्रत्येक शिक्षकाला एक कोरा कागद द्या आणि सांगा: तुमच्या विषयात मुलं दरवर्षी कुठे अडकतात, ते लिहा. टॅब, पॅनल, ॲप असे शब्द वापरायचे नाहीत. आमच्याकडे तीस-पस्तीस अडचणी जमल्या. मग एकेकीला विचारलं, हे यंत्राशिवाय होतं का?

सातवीच्या गणिताच्या बाईंनी अपूर्णांक लिहिले होते. कागदाची घडी घातली की काम होतं, यंत्र नको. भूगोलाच्या सरांनी लिहिलं, ‘समोच्च रेषा कळत नाहीत’, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. त्यांची जुनी युक्ती बटाट्याची: अर्धा बटाटा पालथा ठेवायचा, त्याच्या आडव्या चकत्या करायच्या आणि एकेक चकती कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायची. मुलांना डोंगर कागदावर उतरताना दिसतो. पण पुढची उडी, म्हणजे खऱ्या नकाशातला सिंहगड ओळखणं, त्या बटाट्यानं होत नव्हती. तिथे पडद्यावर उपग्रहाचं चित्र तिरकं करून गड फिरवून दाखवला, त्याच जागेचा समोच्च नकाशा शेजारी ठेवला, आणि “पुणे दरवाजाकडून चढताना रेषा जवळजवळ का?” असं विचारलं. दर रविवारी गडावर जाणारा एक मुलगा उठून म्हणाला, “तिथंच दम लागतो सर.” बटाटा पंचवीस मिनिटं, पडदा दहा मिनिटं. धोरणात आम्ही हे प्रमाण जसंच्या तसं उदाहरण म्हणून लिहिलं.

आणि एक अडचण अशी होती की जिथे यंत्राला पर्यायच नाही. आठवीत एक मुलगी अंध आहे. तिच्यासाठी एका संगणकावर ‘एनव्हीडीए’ हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर बसवला. तो मराठीही वाचतो, उच्चार थोडे यांत्रिक असले तरी. तिच्या यंत्राला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या धोरणाचा पहिला नियम आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ हे अपेक्षितच करतो, पण कायदा नसता तरी क्रमांक तोच राहिला असता.

असं चाळून तीन गरजा उरल्या. तीनच ठेवा. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानं तंत्रज्ञान पारखायला चार कसोट्या दिल्या आहेत: ते उचित आहे का, सर्वांना समान मिळतं का, विस्तारता येतं का आणि टिकतं का. तीन गरजा आणि या चार कसोट्या एवढ्या चाळणीतून बहुतेक विक्रेते आपोआप गळतात.

नियम लिहिताना

“शाळेत तंत्रज्ञानाचा सुयोग्य व प्रभावी वापर करण्यात येईल.” असं वाक्य दिसलं की खोडा. कुणाला काहीच करावं लागत नाही अशी ही वाक्यं. त्याऐवजी: “डिजिटल वर्गाची किल्ली तक्त्याप्रमाणे त्या दिवशीच्या पहिल्या तासिकेच्या शिक्षकांकडे राहील, शेवटच्या तासिकेनंतर कार्यालयात जमा होईल.” कोण, काय, कधीपर्यंत. यातलं एकही कमी असेल तर तो नियम नव्हे.

मोबाइलचं कलम सगळ्यात जास्त भांडणाचं. सरसकट बंदी लिहायला सोपी, पाळायला कठीण. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका प्रकरणात पूर्ण बंदी व्यवहार्य नाही असं म्हणून काही मार्गदर्शक मुद्दे घालून दिले. ते आपल्याकडच्या शाळांवर थेट बंधनकारक नसले तरी वाचण्यासारखे आहेत. आम्ही ठरवलं की क्लासला लांब जाणाऱ्या मुलांनी फोन आणला तर सकाळी वर्गशिक्षकांकडच्या कप्प्यांच्या पिशवीत ठेवायचा, सुटताना घ्यायचा. तासिका चालू असताना शिक्षकांचा फोनही टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. या दुसऱ्या वाक्यावर दीड तास चर्चा झाली. मंजूर झालं, आणि म्हणूनच पहिलं पाळलं जातं.

पडद्यासमोरच्या वेळेसाठी आधार हवा असेल तर केंद्राच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ सूचना आहेत: पहिली ते आठवी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं, नववी ते बारावी चार. त्या टाळेबंदीतल्या ऑनलाइन वर्गांसाठी होत्या. शाळा भरत असताना याहून कमीच ठेवा. गृहपाठाबाबत एकच वाक्य: फोनशिवाय करता येणार नाही असा गृहपाठ द्यायचा नाही. व्हिडिओ पाठवा, पण तोच मजकूर पाठ्यपुस्तकात किंवा फळ्यावर मिळाला पाहिजे. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर नेतात, ते आम्ही पूरक मानतो, अनिवार्य नाही.

पालकांचे व्हॉट्सॲप गट फक्त सूचनांसाठी, लिहिण्याची मुभा वर्गशिक्षकांनाच. गुण, फी थकबाकी, शिक्षा यातलं काहीही गटावर जाणार नाही. हे लिहावं लागतं याचंच मला वाईट वाटतं, पण लागतं.

मुलांची माहिती

इथे थोडं थांबून बोलतो, कारण आमची सगळ्यात मोठी चूक इथलीच. एका शिक्षिकेनं शिष्यवृत्तीसाठी गूगल फॉर्म केला. आधार क्रमांक, जात, उत्पन्न, आईचा फोन, सगळं त्यात. फॉर्म तिच्या खासगी खात्यावर. पुढे ती दुसऱ्या शाळेत गेली आणि चारशे मुलांची माहिती तिच्यासोबत गेली. तिच्या मनात काही नव्हतं. तिलाही ते आठवत नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच फॉर्मची लिंक कुणीतरी गटावर टाकली तेव्हा उघडकीला आलं.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे, आणि मुलांबाबतची जबाबदारी मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होतात. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक काम आणि मुलांची सुरक्षितता यापुरती काही सूट आहे. या सवलतीच्या भरवशावर बाहेरच्या ॲपला यादी देऊन टाकू नका.

काम काय करायचं? एक साधी वही घ्या. कोणती माहिती, कशासाठी, कुणाकडे, कुठल्या खात्यावर, कधी पुसणार, असे रकाने आखा. सगळे फॉर्म शाळेच्या खात्यावरूनच. ते खातं मुख्याध्यापकांच्या नावाचं नको, पदाचं हवं; पासवर्ड बंद लिफाफ्यात तिजोरीत. बदली किंवा निवृत्तीच्या वेळी कार्यभार देताना या वहीवरही सही घ्यायची. आणि अडचण आली तर कुणाला सांगायचं हे मुलांना दिसेल असं भिंतीवर लावा: शाळेतली एक बाई, एक सर, चाइल्डलाइन १०९८, सायबर फसवणुकीसाठी १९३०.

विक्रेत्याशी बोलताना आमचे लिपिक भाऊ पुढे बसतात. “सर, डेटा सगळा क्लाउडवर सेफ असतो,” असं एक जण म्हणाला, तर भाऊंनी शांतपणे विचारलं, “हा क्लाउड कुठल्या पेठेत?” हसणं संपल्यावर त्याला तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मागितली: करार संपल्यावर मुलांची माहिती पुसल्याचं पत्र मिळेल का, इंटरनेट आणि डाँगलशिवाय पाठ चालतील का, आम्ही तयार केलेलं साहित्य दुसऱ्या यंत्रावर नेता येईल का. तो पुन्हा आला नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आम्ही चारच ओळी लिहिल्या. युनेस्कोनं २०२३ मध्ये वर्गातल्या वापरासाठी किमान वय १३ सुचवलं आहे; आम्ही आठवीपर्यंत नकोच म्हटलं. नववी-दहावीत वर्गात, शिक्षकांसमोर, आणि लिहून आणलेल्यावर तोंडी प्रश्न ठरलेले. शिक्षकांनी टाचण किंवा सरावपत्रिकेसाठी वापरावं, पण मुलाचं नाव आत टाकायचं नाही आणि मराठी मजकूर तपासल्याशिवाय फळ्यावर लिहायचा नाही. सरावपत्रिका, सूचना, अहवाल सगळे युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी नीट दिसेल अशा पद्धतीत. जुन्या फाँटातली दहा वर्षांची प्रश्नपत्रिकांची फाइल आज उघडली की नुसती चिन्हं दिसतात.

पैसे

१०० रुपयांची तरतूद असेल तर यंत्रावर ६० च्या वर जाऊ देऊ नका. उरलेले वायरिंग, इन्व्हर्टर, दुरुस्ती, शिक्षकांचा वेळ. हा आमचा अनुभवाचा आकडा आहे, शास्त्र नाही. शुल्क घेणाऱ्या शाळांनी ‘डिजिटल फी’ परस्पर लावू नये. महाराष्ट्रातल्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार विषय पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. जुन्या यंत्रांचं निर्लेखन करताना, म्हणजे रजिस्टरमधून ती कमी करताना, हार्ड डिस्क पुसल्याची नोंद करा आणि सामान नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्रालाच द्या, कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला नको.

टॅबवाल्या बॅचला आम्ही पुन्हा भेटलो, या वेळी हातात दोन पानं होती. बाईंनी ती टेबलावर सरकवली. “तुम्ही मनापासून देताय. आमची गरज यात लिहिलीय.” त्यांनी वाचलं, आपसात बोलले, आणि पंपाची लाइन वेगळी करून दिली, सोबत इन्व्हर्टर आणि त्या मुलीसाठी चांगला हेडफोन. फोटो काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शिक्षक, चाचणी, आणि मार्च

एका दिवसाच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र लॅमिनेट होतं, शिकणं होत नाही. आम्ही जोड्या लावल्या: आठवड्यातून एक मोकळी तासिका, एक शिकवणार, एक करून बघणार. वेळापत्रकात ती तासिका छापली, नाहीतर बदली तासाला तीच पहिली जाते.

धोरण आधी एकाच तुकडीवर एक सत्र चालवा. आणि प्रत्येक नियमापुढे ‘३१ मार्चपर्यंत’ असं लिहा. त्या दिवशी नियम आपोआप संपतो. ठेवायचा असेल तर बैठकीत कुणीतरी हात वर करून त्याचं कारण इतिवृत्तात लिहून घ्यायचं. गेल्या मार्चमध्ये आमच्या चौदापैकी तीन नियमांसाठी एकही हात वर झाला नाही. त्यातला एक मीच लिहिला होता: डिजिटल वर्गात येताना चपला बाहेर काढाव्यात.